साहेबांचं शून्य

साहेबांना माझा संशय आला की ते प्रमाण मराठीत बोलू लागत. एरवी "गो बाय, च्या घेतलंस?" असं विचारणारा माणूस अचानक "आपण काल सायंकाळी किती वाजता परतलात?" असं विचारू लागला, की मी समजून जायची. कुठलीतरी मोजणी चुकली आहे आणि आरोपी मी आहे.

ते माझे घरमालक. मालवणात बंदराच्या वाटेवर त्यांचं कौलारू घर होतं आणि मागच्या पडवीला लागून एक खोली होती. पदवीची शेवटची दोन वर्षं मी त्या खोलीत काढली. साहेबांनी सारी नोकरी वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून केली. दुकानातले काटे तपासायचे, बरोबर असले तर शिक्का मारायचा, नसले तर जप्त करायचे. निवृत्तीला दहा वर्षं होऊन गेली होती, पण ती फक्त कागदोपत्री.

खोलीत राहायला आले त्या दिवशी बाबा सोबत होते. बाबा आमच्या कट्टा गावाजवळ चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, खाणीवर कामाला. आमच्या घरात दहावीपुढे गेलेली मीच पहिली, त्यामुळे बाबा त्या दिवशी लग्नाला निघाल्यासारखे इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. घरमालकांना द्यायला म्हणून त्यांनी घरच्या तांदळाची पिशवी आणली होती. साहेबांनी ती हातात घेतली, जरा वरखाली केली आणि विचारलं, "किती?"

"धा किलो, साहेबांनू."

साहेब आत गेले, ताणकाटा घेऊन आले, पिशवी आकड्याला लावली. "नऊ सहाशे."

बाबा ओशाळले. "घरचे तांदूळ, साहेबांनू. कोण मोजता?"

"मग धा कित्याक म्हणालात?"

बाबांनी पिशवी आकड्यावरून काढून उंबऱ्याशी ठेवली. परतताना एसटीच्या थांब्यावर मला म्हणाले, "माणूस सरळ आसा गो. पण तेच्यासमोर अंदाजान काय बोला नको."

तसं ते कुणालाच बोलू देत नसत. मासळीबाजारात जाताना ते खिशात अर्ध्या किलोचं पितळी माप घेऊन जात. आमच्याकडे मासळी बहुतेक वाट्यावर, म्हणजे अंदाजे ढीग लावून विकतात, तिथे माप घेऊन काय करणार? पण साहेब हटत नसत. "वाटो किती वजनाचो?" असं विचारत. एक मासेविक्रेती त्यांना लांबून पाहूनच ओरडायची, "साहेब इलो गो! बांगड्यांका सांगा सरळ झोपा, मोजणी आसा!" आणि ते समोर आले की, "वाटो वाट्याएवढो! होयो तर घेवा, नायतर बाजूक व्हा." साहेब गुपचूप वाटा घेत, घरी आणून तोलत आणि वहीत लिहून ठेवत. त्या वहीचा पुढे कधी कुणाला उपयोग झाला असं मला आठवत नाही. पण लिहिताना त्यांचा चेहरा समाधानी असायचा.

डॉक्टरांनी रक्तदाब वाढल्याचं सांगितलं तेव्हा साहेबांनी दुसऱ्या हाताचा मोजायला लावला, मग डॉक्टरांना स्वतःचा मोजायला लावला. डॉक्टरांचा त्यांच्याहून जास्त निघाला. "आता गोळी कोणी घ्यायची?" असं साहेबांनी प्रमाण मराठीत विचारल्याची हकिगत मालवणात बरीच फिरली होती.

त्यांच्याकडे लाकडी पेटीत पितळी मापांचा संच होता, मखमलीच्या खाचांत बसवलेला. मापाला बोट लावायचं नाही, फडक्याने धरायचं. "बोटाचो घाम वजन बदलता," ते म्हणत. आणि एक वाक्य ते इतक्या वेळा म्हणत की मला ते पाठ झालं होतं. "आकड्यावर मागसून संशय घे. आधी शून्यावर घे."

हे वाक्य कुठून आलं ते मला शेजाऱ्यांकडून कळलं. साहेबांचे सख्खे मेव्हणे काजूच्या बियांची खरेदी करत. काटा चालू करताना ते ताटलीवर सहज हात टेकवत आणि तशातच शून्याचं बटण दाबत. मग त्या हाताएवढं वजन प्रत्येक पिशवीतून गायब. शेतकऱ्यांना कळत नसे, कारण काट्यावर शून्य तर सगळ्यांसमोर दिसायचं. साहेबांनी ते पकडलं, काटा जप्त केला आणि अहवालात मेव्हण्याचं नाव पूर्ण, वडिलांच्या नावासकट लिहिलं. बायकोच्या माहेरचं दार त्या दिवशी बंद झालं ते झालंच. बायको गेल्यावर तर चतुर्थीलाही त्यांच्या घरी कुणी येईना. गणपतीसमोर साहेब आणि मी, दोघंच आरती म्हणायचो. मला वाईट वाटायचं. साहेबांना वाटायचं की नाही, ते मोजायचं कुठलंही यंत्र माझ्याकडे नव्हतं.

आता सायकलीची गोष्ट.

मी कॉलेजच्या संघातून सायकल शर्यतींत उतरत होते. शेवटच्या वर्षी पुण्यातल्या एका प्रशिक्षण केंद्राने आम्हा काही मुलींना निवडचाचणीसाठी घेतलं. निवड झाली तर तिथे राहणं, जेवण, सराव आणि पुढचं शिक्षण. नाही झाली तर काय, हे मला ठाऊक होतं. कट्ट्याला परत जायचं आणि मिळेल ती नोकरी बघायची. त्या जागेसाठी मी काय केलं नसतं!

चाचणीसाठी केंद्राने सहा आठवड्यांकरता पॉवर मीटर दिलं होतं. पेडल ज्या दांड्याला बसवतात त्या डाव्या क्रँकला आतून चिकटवलेली सुपारीएवढी डबी, एवढंच ते यंत्र. पाय किती जोर लावतो ते मोजून फोनवर वॅटमध्ये दाखवायचं. डाव्या पायाचा जोर मोजून दुप्पट करायचं, म्हणजे दोन्ही पायांचा हिशोब झाला. दर वेळी निघण्याआधी त्याला शून्य दाखवावं लागे. सूचना अशी होती: सायकल स्थिर उभी ठेवा, पेडलवर पाय नको, फोनवरचं बटण दाबा. मी ती शब्दशः पाळत होते.

बुधवारी मालवणातून आणि रविवारी कट्ट्याच्या घरून निघून, मधल्या रस्त्यावरचा तोच चढ, त्याच बाजूने, पूर्ण जोर लावून चढायचा आणि आकडा पाठवायचा, असं ठरलं होतं. पहिल्या बुधवारी आले दोनशे एकोणतीस. रविवारी एकशे अठ्ठ्याण्णव. पुढच्या बुधवारी दोनशे एकतीस, रविवारी दोनशे तीन. तिसऱ्या आठवड्यातही तेच. पुण्याहून प्रशिक्षक मॅडमचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली.

"तीस वॅटचा फरक चार दिवसांत पडत नाही. मला हे दोन वेगळ्या माणसांचे आकडे वाटतात. बुधवारी सायकल कोण चालवतं?"

"मीच, मॅडम. चढाला लागलेला वेळही दोन्ही दिवशी सारखाच आहे, बघा ना."

"वारा पाठीशी असला की वेळ तसाच येतो. पुढच्या दोन आठवड्यांत याचा उलगडा झाला नाही, तर तुझं नाव मला यादीतून काढावं लागेल."

मी पडवीत बसून रडत होते. साहेब पेपर वाचत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. चष्मा काढून ते म्हणाले, "आपली तक्रार लेखी द्या."

मला वाटलं चेष्टा करताहेत. ते पेन आणि कागद घेऊन आले.

त्या दिवसापासून माझी सायकल पुरावा झाली. साहेबांनी डबीतला सेल बदलला आणि जुना पाकिटात घालून ठेवला. क्रँकची लांबी मोजून फोनमधल्या नोंदीशी ताडून पाहिली. डबीच्या झाकणाला त्यांनी तार ओवून शिशाचं सील ठोकलं, जुन्या सरकारी पकडीने. मग पाच किलोचं माप फडक्यात बांधून आडव्या क्रँकच्या पेडलला टांगलं आणि कागदावर काढलेला आकडा फोनवरच्या आकड्याशी जुळतो का ते पाहिलं. जुळला. उन्हाने फरक पडतो का म्हणून सकाळी, दुपारी, संध्याकाळी पाहिलं. तिन्ही वेळा जुळला.

"यंत्र निर्दोष," साहेबांनी जाहीर केलं. मग माझ्याकडे वळले. "आता उरलात आपण."

 पण माझ्याही मनात एक गोष्ट होती. दोन बुधवारी मी पहाटे उठले तेव्हा साहेब सायकलीशी उकिडवे बसलेले दिसले होते. हातात माझाच फोन. तो मी रात्री पडवीतच चार्जिंगला ठेवायची. मला पाहून ते उठून गेले होते. चाचणी सुरू झाल्यापासून बुधवारचे आकडे जास्त येत होते आणि बुधवारी सायकल त्यांच्या घरातून निघत होती. हा माणूस माझ्या सायकलीशी काय करतो? मला मदत म्हणून आकडे वाढवतो, की मला पकडायला सापळा लावतो?

"बुधवारी सायकल कोण चालवतं?" साहेबांनी विचारलं. मॅडमचंच वाक्य. मग माझा धीर सुटला.

"तुम्हीच सांगा, पहाटे क्रँकशी काय करत असता ते! माझा फोन घेऊन! सायकल तुमच्या घरात असते तेव्हाच आकडे वाढतात. मी का नाही तुमच्यावर संशय घ्यायचा?"

 आता खोली सोडावी लागणार याची खात्री होती. साहेबांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. मग चौकशी चालू असतानाच, मी पहिल्यांदाच ऐकलं असं, मालवणीत आले.

"माझ्यार संशय घेतलंस?"

"हो."

"बरां केलंस. कोणी घेवकच नाय आजपर्यंत."

आत जाऊन ते एक वही घेऊन आले. तीत पहिल्या बुधवारपासूनच्या नोंदी होत्या. तारीख, हवेचं तापमान आणि शून्य केल्यावर फोनवर येणारा एक बारीक आकडा, म्हणजे यंत्राने कुठल्या भाराला शून्य धरलं त्याची खूण. मी आजवर फक्त "यशस्वी" एवढंच वाचून पुढे जात होते. तो आकडा मी कधी पाहिलाच नव्हता. साहेब पहाटे स्वतः शून्य करून तो उतरवून घेत होते. आठ, नऊ, आठ.

"हयसर शून्य आठ. तुज्या घराकडे किती?"

"मला माहीत नाही."

"मगे रविवारी येतंय."

रविवारी साहेब स्कूटरवरून कट्ट्याला आले, गळ्यात स्टॉपवॉच, डिकीत पेटी. आईने चहा टाकला. बाबांनी खुर्ची पुसून दिली आणि या वेळी तांदळाबद्दल अवाक्षर काढलं नाही. साहेब खुर्चीवर बसले नाहीत. अंगणात, आमच्या खळ्यात, उभे राहून म्हणाले, "रोज जसा करतास, तसाच कर. माका बघू नको."

मी सायकल खळ्यात आणली आणि ब्रेक दाबून उभी राहिले. बाबा नेहमीप्रमाणे समोर आले आणि गाऱ्हाणं घालू लागले. आमच्याकडे कुठल्याही कामाला निघताना देवाला गाऱ्हाणं घालतात, यात नवं काही नव्हतं. बाबांना एवढं कळलं होतं की लेकीचं नशीब ठरवणारं यंत्र डाव्या पेडलपाशी आहे. म्हणून ते डाव्या बाजूला बसत, डोळे मिटत आणि डोक्यावर ठेवावा तसा हात पेडलवर ठेवत.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या माज्या चेडवान जी काय मेहनत केल्यान हा, तेका यश दी रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," आई आणि मी म्हणालो.

"वाटेत काय आडवा-तिडवा असात, ता बाजूक कर रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"आणि ह्या यंत्राक सुबुद्धी दी. माज्या चेडवाची ताकद जशी आसा तशीच मोजूंदे रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," म्हणत मी फोनवरचं बटण दाबलं. सायकल स्थिर होती. पेडलवर पाय नव्हता. दर रविवारी मी नेमकी तेव्हाच शून्य करायची, कारण हलायचं नाही असं तेवढंच एक मिनिट मला मिळायचं.

साहेब "होय म्हाराजा" म्हणाले नव्हते. ते वाकून फोनकडे बघत होते. मीही पाहिलं. सहासष्ट.

 स्कूटर घेऊन ते पुढे गेले, चढाच्या तळाशी आणि मग माथ्यावर उभे राहिले. मी चढ चढले. आकडा आला एकशे सत्त्याण्णव. वेळ बुधवारपेक्षा दोन सेकंद कमीच. आणि त्या सकाळी झाडाचं पानही हलत नव्हतं. माथ्यावर काजूच्या झाडाखाली साहेब स्टॉपवॉच मुठीत धरून उभे होते.

"पाय तेच, वेळ तोच. शून्य खोटा," ते म्हणाले. "ताटलीवर हात आसा."

मला समजायला क्षणभर लागला. समजलं तेव्हा मी सायकलवरून उतरून खालीच बसले. म्हणजे कमी आकडे खोटे होते. मॅडमना ज्यांचा संशय होता ते बुधवारचे आकडे खरे. मी खरोखर तेवढी ताकदवान होते. आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या डोळ्यांसमोर बाबांचा हात येत होता, चिऱ्याच्या लाल धुळीने रेषा भरलेला. दर रविवारी ते तो हात मनापासून टेकवत होते आणि तोच हात माझे तीस वॅट खात होता.

"साहेब, बाबांना कळता कामा नये," मी म्हणाले. "त्यांना वाटेल, आपणच..."

"अहवाल मी लिहितो," साहेब एवढंच म्हणाले. प्रमाण मराठीत.  अहवालात त्यांनी सख्ख्या मेव्हण्याला सोडलं नव्हतं.

बुधवारी त्यांनी पडताळणी घेतली. पेडलला एकेक माप टांगत गेले आणि शून्याचा आकडा सहासष्ट आला तिथे थांबले. एक किलो शंभर ग्रॅम. "तुज्या बापाशीचो हात," ते हळू म्हणाले आणि माप फडक्याने पुसून खाचेत ठेवलं. तसं चुकीचं शून्य घेऊन मी चढ चढले तर एकशे अठ्ठ्याण्णव. परत येऊन, योग्य शून्य घेऊन चढले तर, पाय दमलेले असूनही, दोनशे सव्वीस.

अहवाल त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिला. रकाने आखलेले, जुन्या खात्याच्या पद्धतीने. उपकरण: निर्दोष. चालक: निर्दोष. दोषाचं कारण: शून्य घेतेवेळी डाव्या पेडलवर एक किलो शंभर ग्रॅम भार. त्याखालचा रकाना: भार ठेवणाऱ्याचं नाव.

तो रकाना कोरा होता.

मी कागद पुन्हा पुन्हा पाहिला. साहेब दुसरीकडे बघत होते. "हा राहिला का?" मी विचारलं.

"राहिला नाही," ते म्हणाले. मग पेनाला टोपण लावत, "तेच्यात हेतू होतो. ह्याच्यात नाय." तेच्यात म्हणजे कुणाच्यात, हे मी विचारलं नाही.

शेवटच्या रविवारी साहेब पुन्हा आले. अहवालाची एक प्रत त्यांनी बाबांच्या हातात दिली, "तुमच्या चेडवाचा प्रमाणपत्र," असं म्हणून. बाबांनी ती दोन्ही हातांनी घेतली, उंबऱ्यात बसून सावकाश, बोट फिरवत वाचली आणि घडी न घालता देवाच्या फळीवर ठेवली.

"आज आधी गाऱ्हाणा घाला," साहेब म्हणाले. "शून्य मगे."

"कित्याक, साहेबांनू?"

"शून्याक एकट्याक राव्हाक होया."

बाबांनी मान डोलावली. गाऱ्हाणं घातलं. यंत्राला सुबुद्धी मागितली. आणि आई आणि माझ्या आवाजात तिसरा आवाज मिसळला, जाडाभरडा, सवय नसलेला. "होय म्हाराजा." साहेब हात जोडून उभे होते, डोळे मात्र उघडे, पेडलवर. गाऱ्हाणं संपल्यावर मी शून्य केलं. आठ.

आकडा आला दोनशे तेहतीस. मॅडमनी अहवाल वाचून फोन केला. "हे सील वगैरे कोणी ठोकलंय?" त्या हसत होत्या. "जागा तुझी."

साहेबांना जाऊन दोन वर्षं झाली. मी पुण्याहून पोचले तेव्हा उशीर झाला होता. मापांची पेटी त्यांनी माझ्या नावे ठेवली होती, वर चिठ्ठी: "फडक्याने धरावे." मासेविक्रेतीने मला ओळखलं आणि म्हणाली, "आता वाटे तोलणारो कोण नाय गो. बरां नाय वाटत."

बाबांनी तो अहवाल प्लॅस्टिकमध्ये घालून आणला आहे. कट्ट्याच्या घरात देवाच्या फोटोशेजारी तो टांगलेला असतो, कोऱ्या रकान्यासकट. सुट्टीत घरी गेले की मी अजून सायकल घेऊन निघते आणि बाबा अजून गाऱ्हाणं घालतात. पण त्या रविवारपासून ते सायकलीच्या डाव्या बाजूला बसत नाहीत. जरा लांब उभे राहतात आणि सगळं गाऱ्हाणं होईपर्यंत दोन्ही हात पाठीमागे बांधून ठेवतात.

त्यांना सांगितलं कुणीच नव्हतं. मला संशय आहे की तो कोरा रकाना बाबांनी मनातल्या मनात भरला. पण एवढा एकच संशय मी अजून तपासलेला नाही.